टॉमकॅटचं मांजर कुठं गेलं

"सर, टॉमकॅट चालू झालं म्हणायलंय, मग मांजर कामून दिसंना?" लातूरच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजच्या लॅबमध्ये शेवटच्या वर्षाच्या एका मुलीनं विचारलेला हा प्रश्न. टॉमकॅट म्हणजे जावात लिहिलेली वेब ॲप चालवणारा सर्व्हर, आणि मांजर त्याच्या पहिल्या पानावरचं चिन्ह. उन्हाळ्याची दुपार, कूलरमधल्या ओल्या वाळ्याचा वास, मशीनांची घरघर, आणि पडद्यावर ४०४, म्हणजे 'पान सापडलं नाही'. आदल्या दिवशी तिनं टॉमकॅटची झिप सी ड्राइव्हवर उघडली होती, बिन फोल्डरमधली स्टार्टअप.बॅट चालवली होती, आणि ब्राउझरमध्ये लोकलहोस्ट ८०८० टाकल्यावर ओळखीचं पिवळं मांजर व्यवस्थित दिसलं होतं. आज तेच टॉमकॅट तिनं एक्लिप्सला, म्हणजे कोड लिहायच्या सॉफ्टवेअरला, जोडलं, सर्व्हर्सच्या खिडकीतलं हिरवं बटण दाबलं, कन्सोलवर 'सर्व्हर स्टार्टअप इन' अमुक मिलिसेकंद अशी ओळ आली, तरी मांजर गायब. कन्सोलवरची अक्षरं लाल होती, पण ती लालच असतात. टॉमकॅट साध्या माहितीच्या ओळीसुद्धा एररच्या प्रवाहात लिहितं आणि एक्लिप्स तो प्रवाह लाल रंगवतं. 'सिव्हिअर' हा शब्द दिसला तरच छातीत धस्स व्हावं. सरांनी जाता जाता "रीस्टार्ट कर" सांगितलं. तिनं केलं. पुन्हा ४०४.

तिचं काहीच चुकलेलं नव्हतं, म्हणूनच तो प्रश्न डोक्यातून जाईना.

एक्लिप्स आपलं टॉमकॅट चालवतं ते अर्धंच. जार फाइली, म्हणजे तयार कोडची गाठोडी, आपल्या सी ड्राइव्हवरच्या फोल्डरमधून घेतं, त्याला टॉमकॅटच्या बोलीत कॅटलिना होम म्हणतात. पण सेटिंग, लॉग, तात्पुरत्या फाइली आणि ॲप ठेवायची जागा, म्हणजे कॅटलिना बेस, ते स्वतःच्या घरात मांडतं. वावर एकाचं आणि कसणारा दुसरा, असा हा बटईचा व्यवहार. हे घर वर्कस्पेसच्या, म्हणजे एक्लिप्सच्या कामाच्या फोल्डरच्या, आत, .मेटाडेटा फोल्डरमध्ये, तिथून .प्लगइन्स, मग ओआरजी.एक्लिप्स.डब्ल्यूएसटी.सर्व्हर.कोअर, आणि त्यात टीएमपी० असं खोलवर दडलेलं असतं. दुसरा सर्व्हर जोडला की टीएमपी१. त्यात डब्ल्यूटीपीवेबॲप्स नावाचा फोल्डर असतो, आणि हिरव्या बटणानं उठलेलं टॉमकॅट ॲप तिथं शोधतं. मांजराचं पान राहतं मूळ फोल्डरच्या वेबॲप्समधल्या रूटमध्ये. एक्लिप्सच्या घरातला रूट रिकामा, म्हणून ४०४. सर्व्हर ठणठणीत चालू आहे, फक्त पाहुणा दुसऱ्याच पत्त्यावर गेला. आपल्या प्रोजेक्टचं नाव पुढं लावून, म्हणजे लोकलहोस्ट ८०८० आणि तिरकी रेघ आणि प्रोजेक्ट, असा पत्ता टाकला की पान उघडतं.

एवढं कळलं की पुढचे निम्मे घोळ आपोआप उलगडतात. सर्व्हर.एक्सएमएल या सेटिंगच्या फाइलीच्या आता तीन प्रती आहेत. एक मूळ टॉमकॅटच्या कॉन्फमध्ये, एक प्रोजेक्टांच्या यादीत आपोआप उगवलेल्या 'सर्व्हर्स' नावाच्या प्रोजेक्टमध्ये, आणि एक टीएमपी०च्या कॉन्फमध्ये. पोरं पहिली बदलतात, एक्लिप्स तिच्याकडं ढुंकूनही बघत नाही. थोडी हुशार पोरं तिसरी शोधून काढतात, तिच्यात बदल करतात, आणि पुढच्या पब्लिशला, म्हणजे एक्लिप्स फाइली सर्व्हरकडं पाठवतं तेव्हा, तो पुसला जातो, कारण तिसरी प्रत दुसरीवरून तयार होते. हात लावायचा तो मधल्या प्रतीला. टॉमकॅट-युजर्स.एक्सएमएल आणि कॉन्टेक्स्ट.एक्सएमएल यांचंही तसंच. आणि काही मुलं तो 'सर्व्हर्स' प्रोजेक्ट 'हे कुठून आलं, कचरा' म्हणून उडवून टाकतात. मग 'कॉन्फिगरेशन मिसिंग' असा संदेश येतो, आणि सरळ सर्व्हर काढून पुन्हा जोडण्यावाचून गत्यंतर उरत नाही.

मेमरी वाढवायची तर नेटवर लिहिलेलं असतं, सेटएन्व्ह.बॅटमध्ये लिहा. ते एक्लिप्सला लागूच पडत नाही. एक्लिप्स टॉमकॅट उठवणाऱ्या कॅटलिना.बॅटला विचारत नाही, थेट टॉमकॅटच्या बूटस्ट्रॅप या क्लासला जावाकडून उठवतं, त्यामुळे सेटएन्व्ह वाचायची वेळच येत नाही. सर्व्हरवर दोनदा क्लिक करायचं, 'ओपन लाँच कॉन्फिगरेशन'मध्ये जायचं, आर्ग्युमेंट्सच्या पानावर व्हीएमच्या चौकटीत एक्सएमएक्सची, म्हणजे मेमरीच्या मर्यादेची, किंमत लिहायची. ४ जीबीच्या मशीनवर ५१२ एमबी पुरे. तिथं २ जीबी दिली की एक्लिप्स, ब्राउझर आणि डेटाबेस यांच्या ओढाताणीत हार्डडिस्क करकरायला लागते आणि सगळंच थांबतं.

सर्व्हरवर दोनदा क्लिक केल्यावर उघडणाऱ्या पानावर 'सर्व्हर लोकेशन्स' नावाचे तीन पर्याय आहेत, आणि ते कायम फिकट, दाबता न येणारे दिसतात. सर्व्हरवर एखादं ॲप चढवलेलं असेल तोवर ते उघडत नाहीत. 'ॲड अँड रिमूव्ह'मधून सगळी ॲप उतरवायची, 'क्लीन' करायचं, मग पान पुन्हा उघडायचं. दुसरा पर्याय मूळ टॉमकॅट ताब्यात घेण्याचा आहे, त्यासोबत डिप्लॉय पाथ 'वेबॲप्स' केला की मांजर दिसतं. पण मला विचाराल तर एका मांजरासाठी हा सौदा करू नये. हा पर्याय घेतला की एक्लिप्स मूळ कॉन्फमध्ये स्वतःचं लिहायला लागतं, आणि तेच टॉमकॅट दुसरा कुणी हातानं चालवत असेल तर त्याचा दिवस वाया जातो. लॅबमध्ये एकेका मशीनवर तीन-तीन बॅच बसतात. पहिलाच पर्याय राहू द्यावा.

आता पोर्टांचं, म्हणजे सर्व्हर ज्या क्रमांकांच्या दारांवर ऐकतो त्यांचं. '८००५, ८०८० आणि ८००९ ही पोर्टं आधीच वापरात आहेत' ही पाटी ज्यानं बघितली नाही त्यानं एक्लिप्सवर काम केलंच नाही. ८०८० ब्राउझरसाठी, ८००५ सर्व्हर बंद करायचा निरोप ऐकण्यासाठी, ८००९ एजेपीसाठी, म्हणजे पुढं उभ्या केलेल्या दुसऱ्या वेब सर्व्हरशी बोलण्यासाठी. २०२० साली घोस्टकॅट नावाची सुरक्षेतली फट सापडल्यावर टॉमकॅट ९.०.३१ पासून एजेपीची ओळ मुळातच झाकून ठेवलेली असते, त्यामुळे नव्या आवृत्तीत ८००९ सहसा यादीत नसतो. लोकांचा समज असा की लाइट गेली म्हणून पोर्ट अडकला. लाइट गेल्यावर मशीनच बंद पडतं, त्याच्यासोबत टॉमकॅटही, आणि पोर्ट मोकळा होतो. अडकतो तो लॅपटॉपवर, एक्लिप्स गोठल्यावर टास्क मॅनेजरमधून त्याला मारलं की. टॉमकॅट ही जावाची वेगळी प्रोसेस असते, जावाडब्ल्यू नावाची. एक्लिप्स मेलं तरी ती मागं राहते आणि ८०८० धरून बसते. नवं एक्लिप्स उघडल्यावर तिची ओळख विसरतं, त्याच्या लेखी सर्व्हर 'स्टॉप्ड'.

मग नेटस्टॅट, कोणता पोर्ट कुणी धरलाय ते दाखवणारी आज्ञा. ए, एन, ओ ही तीन अक्षरं जोडून ती चालवली आणि ८०८० गाळून घेतला की शेवटच्या रकान्यात प्रोसेसचा क्रमांक मिळतो. इथं पोरं घाई करतात, तो क्रमांक सरळ टास्ककिलला देतात. थांबून टास्कलिस्टमध्ये त्या क्रमांकाचं नाव बघावं. कॉलेजच्या मशीनांवर बऱ्याचदा ते टीएनएसएलएसएनआर निघतं, म्हणजे ओरॅकल डेटाबेससाठी जोडण्या ऐकणारा लिसनर, कारण ओरॅकल एक्सई ११जीपर्यंत स्वतःचं वेबपान ८०८०वरच मांडतं. त्याला मारलं की टॉमकॅट दिमाखात चालू होतं आणि लगेच ॲपमधून ओआरए-१२५४१, नो लिसनर. आता विद्यार्थी जेडीबीसीच्या, म्हणजे डेटाबेसशी जोडणीच्या, यूआरएलमध्ये चूक शोधत बसतो, जी तिथं नसतेच. सरळ मार्ग असा: एसक्यूएल प्लसमध्ये सिस्टिम म्हणून शिरून डीबीएमएस_एक्सडीबीचं सेटएचटीटीपीपोर्ट ८०८१ देऊन चालवायचं, नाहीतर टॉमकॅटच ८०९० वर न्यायचं. सर्व्हरच्या पानावर उजवीकडं पोर्टांचा तक्ता आहे, तिथं आकडा बदलला की पुरे. त्याच तक्त्यात 'टॉमकॅट ॲडमिन पोर्ट'समोर नुसती आडवी रेघ किंवा उणे एक दिसलं, तर 'एक किंवा अधिक पोर्ट चुकीचे' म्हणून सर्व्हर उठतच नाही. विंडोजच्या इन्स्टॉलरनं बसवलेल्या टॉमकॅटमध्ये हे हमखास, कारण तो सुरक्षेसाठी बंद करायचा पोर्टच मिटवून ठेवतो. एक्लिप्सला मात्र 'बंद हो' सांगायला तो लागतो. ८००५ लिहून द्यायचं.

४५ सेकंदांचं कोडं याहून मजेदार आहे. 'सर्व्हर ४५ सेकंदांत चालू होऊ शकला नाही' असं म्हणून एक्लिप्स त्याला मारतं. सगळे टाइमआउट १२० करून मोकळे होतात, आणि जुन्या हार्डडिस्कच्या मशीनवर ते ठीकही आहे. पण आधी कन्सोल बघावा. 'सर्व्हर स्टार्टअप इन' ही ओळ आलेली असूनही एक्लिप्स वाट बघत असेल, तर टाइमआउट कितीही वाढवला तरी फरक पडणार नाही. एक्लिप्सला सर्व्हर उठल्याचं कळतं ते त्याच्या वेबपत्त्यावर टकटक करून. कॉलेजच्या नेटसाठी कुणी तरी प्रेफरन्सेसमध्ये, नेटवर्क कनेक्शन्सच्या पानावर, प्रॉक्सी, म्हणजे नेटकडं नेणारा मधला सर्व्हर, भरून ठेवलेला असतो. मग लोकलहोस्टला केलेली टकटकही प्रॉक्सीकडं जाते, आणि त्या बिचाऱ्याला या मशीनवरचं टॉमकॅट काय माहीत! वगळायच्या पत्त्यांत लोकलहोस्ट आणि १२७.०.०.१ टाकले की सर्व्हर चटकन 'स्टार्टेड' दिसतो. दुसरं कारण डीबगचं. ॲप उठताना चालणाऱ्या लिसनरमध्ये किंवा सर्व्हलेटच्या (विनंतीला उत्तर देणाऱ्या जावा क्लासच्या) इनिटमध्ये ब्रेकपॉइंट, म्हणजे कोड थांबवायची खूण, ठेवून माणूस चहाला गेला, की घड्याळ चालूच राहतं आणि ४५ सेकंदांनी सर्व्हर मेलेला. आणि खरंच हळू उठत असेल, तर लॉगमध्ये टीएलडीसाठी, म्हणजे जेएसपी पानांच्या टॅगांचं वर्णन करणाऱ्या फाइलींसाठी, जार चाळल्याची ओळ शोधावी. वेब-इन्फच्या लिबमध्ये 'असू द्या, लागतील' म्हणून भरलेल्या जार टॉमकॅट एकेक करून उघडून बघतं. नको त्या काढल्या तर वेळ वाचतो.

सर्व्हरच्या नावापुढं कंसात दोन शब्द असतात, ते वाचायची सवय लावावी. 'स्टार्टेड, सिंक्रोनाइज्ड' म्हणजे तुमची फाइल आणि त्याची प्रत जुळलेली. 'रीपब्लिश' म्हणजे तुम्ही लिहिलेलं अजून तिकडं गेलेलं नाही, आणि ब्राउझरमध्ये जुनंच दिसणार. पण 'सिंक्रोनाइज्ड' असूनही मायएसक्यूएलचा ड्रायव्हर सापडत नाही म्हणून क्लासनॉटफाउंड येतो, तेव्हा मुलं वैतागतात. जार तर बिल्ड पाथमध्ये टाकली आहे, कोडखाली लाल रेघही नाही! बिल्ड पाथ हा कंपायलरपुरता. टॉमकॅटकडं जातं ते 'डिप्लॉयमेंट असेंब्ली'च्या यादीतलं आणि वेब-इन्फच्या लिबमधलं. मेवन हे जार आणून देणारं साधन वापरत असाल तर त्या यादीत 'मेवन डिपेंडन्सीज' आहे का ते बघायचं, नसेल तर ॲड, जावा बिल्ड पाथ एंट्रीज. जार हातानं ठेवत असाल तर सरळ लिबमध्ये. नेमकी उलटी चूक म्हणजे सर्व्हलेट-एपीआयची जार लिबमध्ये टाकणं. ती टॉमकॅटकडं आधीच असते. आणि हल्ली तिचा त्रास वाढलाय, कारण टॉमकॅट १० पासून सर्व्हलेटच्या पॅकेजमधलं जावाएक्स हे नाव जाऊन जकार्ता आलं. नोट्स जुन्या, डाउनलोड नवं. जावाएक्सचं ॲनोटेशन लावलेला सर्व्हलेट टॉमकॅट १० ओळखतच नाही, कुरकुरही करत नाही, गुपचूप ४०४ देतं. नोट्स जावाएक्सच्या असतील तर टॉमकॅट ९ उतरवून घ्यावं, उगाच शौर्य नको.

'क्लीन' आणि 'क्लीन टॉमकॅट वर्क डिरेक्टरी' या शेजारशेजारच्या दोन ओळी. दुसरीत मुख्यतः जेएसपीपासून तयार झालेले क्लास पुसले जातात, ते पुन्हा बनतात. पहिलीत चढवलेलं सगळं पुसून नव्यानं चढवलं जातं. आता एखाद्या गटानं बाजार समितीसाठी प्रोजेक्ट केलंय, शेतकऱ्याची नोंद, सोयाबीन-तुरीची आवक, सोबत सातबाऱ्याचा फोटो. फोटो ठेवायला गेटरिअलपाथ वापरलंय. तो पाथ जातो टीएमपी०च्या पोटात, डब्ल्यूटीपीवेबॲप्समध्ये. महिनाभर सगळं छान, आणि सादरीकरणाच्या आदल्या रात्री काहीतरी अडकलं म्हणून कुणीतरी 'क्लीन' दाबतं. डेटाबेसमध्ये फोटोंची नावं आहेत, फोटो एकही नाही. एक्लिप्सनं सांगितलेलंच केलं. अपलोड केलेल्या फाइली ॲपच्या बाहेर, डी ड्राइव्हवर एखाद्या फोल्डरमध्ये ठेवाव्यात आणि तो पत्ता कॉन्टेक्स्टच्या पॅरामीटरमधून घ्यावा. हे शिकवायला पाच मिनिटं लागतात, पण ते व्हायव्हाच्या प्रश्नांत येत नाही.

बदल लगेच दिसावा ही या सगळ्या सोयीमागची खरी ओढ. डीबग मोडमध्ये मेथडच्या आतला कोड बदलला तर जावा तो चालत्या सर्व्हरमध्ये बदलून घेतं. नवी मेथड घातली, फील्ड वाढवलं, मेथडची सही (नाव किंवा पॅरामीटर) बदलली, की 'हॉट कोड रीप्लेस फेल्ड'. त्यासोबत ऑटो रीलोडही चालू असेल तर क्लास बदलताच टॉमकॅट अख्खं ॲप पुन्हा उचलतं, आणि सेशनमध्ये ठेवलेली लॉगिनची वस्तू सीरियलायझेबल, म्हणजे साठवून परत उभी करता येण्याजोगी, नसेल तर लॉगिन केलेला माणूस बाहेर फेकला जातो. डीबग करताना मॉड्यूल्सच्या पानावर जाऊन ऑटो रीलोडिंग काढून टाकावं, दोन्ही एकत्र सुखानं नांदत नाहीत. आणि रीलोड करत राहिलं की जुन्या ॲपचा क्लासलोडर मेमरीत चिकटून राहतो, कारण एखादा टायमर थ्रेड किंवा जेडीबीसी ड्रायव्हरनं मागं ठेवलेला थ्रेड त्याचा हात सोडत नाही. टॉमकॅट तसं लॉगमध्ये स्पष्ट लिहितं, थ्रेडच्या नावासकट. ती ओळ कुणी वाचत नाही. संध्याकाळी मेटास्पेस, म्हणजे क्लास ठेवायची मेमरी, भरतो, आणि "एक्लिप्स लई जड आहे" असा निकाल लागतो.

मराठी अक्षरांचा वेगळाच वनवास. फॉर्ममध्ये 'औसा' लिहिलं आणि तक्त्यात प्रश्नचिन्हं आली, किंवा डोक्यावर टोप्या घातलेली रोमन अक्षरं आली. दोन्हीत फरक आहे आणि तोच निदानाचा धागा. टोपीवाली अक्षरं म्हणजे बाइट बहुधा शाबूत आहेत, कुणीतरी ते यूटीएफ-८ (मराठी मावणारी अक्षरांची सांकेतिक पद्धत) म्हणून न वाचता दुसऱ्याच तऱ्हेनं वाचलं. बहुधा ब्राउझरनं 'पोस्ट' पद्धतीनं पाठवलेला फॉर्म. टॉमकॅट ९ किंवा त्याआधीचं असेल तर पहिल्या गेटपॅरामीटरच्या आधी सेटकॅरेक्टरएन्कोडिंग लागतं, नंतर लिहून उपयोग नाही. टॉमकॅट १० च्या वेब.एक्सएमएलमध्ये ते आधीच घातलेलं आहे. प्रश्नचिन्हं म्हणजे अक्षर वाटेतच मेलं, ज्या भांड्यात ते मावत नाही अशा ठिकाणी लिहिलं गेलं. तिथं मायएसक्यूएलचा तक्ता बघावा. ५.७ पर्यंत न सांगता केलेला तक्ता देवनागरी न मावणाऱ्या लॅटिन१ चा होतो, ८.० पासून यूटीएफ८एमबी४. आणि प्रश्नचिन्हं फक्त एक्लिप्सच्या कन्सोलमध्ये असतील, पानावर नसतील, तर काहीच बिघडलेलं नाही. लाँच कॉन्फिगरेशनच्या 'कॉमन' पानावर एन्कोडिंग यूटीएफ-८ करायचं, व्हीएमच्या चौकटीत फाइल.एन्कोडिंगही तेच द्यायचं, आणि निर्धास्त व्हायचं.

नेटबीन्स या एक्लिप्ससारख्याच दुसऱ्या सॉफ्टवेअरचा स्वभाव जरा वेगळा. ते ग्लासफिश या दुसऱ्या जावा सर्व्हरशी वर्षानुवर्षं जुळलेलं, ४८४८ वर त्याचं ॲडमिन पान, आणि टॉमकॅट जोडताना मॅनेजर-स्क्रिप्ट भूमिकेचा युजर मागतं. इंटेलिजे या तिसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये टॉमकॅटची सोय पैसे मोजल्यावर. आणि २०१४ साली स्प्रिंग बूट हे जावाचं फ्रेमवर्क आल्यापासून बऱ्याच नव्या प्रोजेक्टांत सर्व्हर ॲपच्याच पोटात गेला, सर्व्हर्सची खिडकी उघडावीच लागत नाही. पुण्याला नोकरीला गेलेली पोरं दिवाळीत आली की म्हणतात, आता हे कुणी वापरत नाही. अर्धं खरं आहे. स्प्रिंग बूटच्या पोटातही बहुधा टॉमकॅटच असतं आणि ८०८० अडला की तेही तसंच अडून बसतं. मला त्या हिरव्या बटणाचा राग नाही, सोय ती सोयच. पण त्याच्याच जिवावर चार वर्षं काढलेला मुलगा वॉर फाइल, म्हणजे अख्ख्या ॲपचं एक गाठोडं, हातात घेऊन लिनक्सच्या मशीनसमोर बसतो तेव्हा त्याला सगळं परकं वाटतं.

तिथं काय काय तुटतं तेही ठरलेलं आहे. एक्लिप्समध्ये पत्त्यातलं नाव प्रोजेक्टच्या 'वेब कॉन्टेक्स्ट रूट'वरून येतं, बाहेरच्या टॉमकॅटवर वॉर फाइलीच्या नावावरून. लिंकमध्ये नाव हातानं लिहिलेलं असेल तर प्रत्येक लिंक ४०४, म्हणून गेटकॉन्टेक्स्टपाथ. विंडोजवर मायएसक्यूएल तक्त्याच्या नावातलं मोठं-लहान अक्षर सोडून देतं, लिनक्सवर सोडत नाही, आणि 'टेबल अस्तित्वात नाही' असं तोंडावर सांगतं. डी ड्राइव्हचा पत्ता कोडमध्येच लिहिला असेल तर तिथं डी ड्राइव्ह नाही. आणि भाड्यानं घेतलेल्या मशीनचं घड्याळ बऱ्याचदा यूटीसीवर असतं, आपल्यापेक्षा साडेपाच तास मागं. बाजार समितीच्या त्या प्रोजेक्टमध्ये पहाटे पाचला नोंदवलेली तुरीची आवक आदल्या दिवशीच्या तारखेला पडते, आणि दिवसाची बेरीज काही जुळत नाही. इथं मात्र सेटएन्व्ह कामाला येतं, कारण आता कॅटलिना.एसएच खरंच चालतं. ती फाइल टॉमकॅटसोबत येत नाही, बिनमध्ये आपणच करायची. तिच्यात कॅटलिना_ऑप्ट्समध्ये युजर.टाइमझोन एशिया/कोलकाता, मेमरीचा आकडाही तिथंच, मग टॉमकॅट बंद करून पुन्हा चालू. आधी चुकीच्या तारखेनं शिरलेल्या नोंदी याने सुधारत नाहीत, त्या डेटाबेसमध्ये हातानंच पुढं ढकलाव्या लागतात.